इंजिन कुणाकडे द्यायचं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर गाडीचा विषय काढला की तुझी ड्यूटी सुरू होते, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

खाणीच्या चढाची मोटरसायकल शर्यत एप्रिलात आहे. गेल्या वर्षी मी दुसरा आलो हे तुला माहीत आहे. कसा आलो ते माहीत नाही. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढे होतो. तिथून जो चढ लागतो त्यावर माझी गाडी म्हातारीसारखी धापा टाकायला लागली आणि मागचा माझ्या कानाजवळून निघून गेला. त्याचं इंजिन कप्तानने बांधलं होतं. तेव्हाच ठरवलं, या वर्षी इंजिनाची ताकद वाढवायची. प्रश्न एवढाच की द्यायचं कुणाकडे.

आमच्या पार्सल कंपनीच्या मागच्या रस्त्यावर दोन गॅरेजं आहेत, अगदी समोरासमोर. एक कप्तानचं. काचेचं दार, भिंतभर कप, आणि गाडी जागच्या जागी रुळांवर पळवून तिची ताकद पडद्यावर दाखवणारं मशीन. समोर एका बाईचं. तिला सगळा रस्ता उस्ताद म्हणतो. पूर्वी दोघं नवरा-बायको होते, दुकानही एकच होतं. त्याने मारून तिचा जबडा मोडला तेव्हा ती निघाली, ती थेट समोरच्या गाळ्यात. लोकांनी सांगितलं की लांब जा. तिचं म्हणणं, गिऱ्हाइकाला हा रस्ता माहीत आहे, मी का जाऊ.

आधी मी तिच्याकडे गेलो. तिने मला गाडीवर बसवलं, कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकतोस ते विचारलं आणि म्हणाली की सिलिंडर कापून मोठा पिस्टन बसवायचा हट्ट असेल तर मी करणार नाही. या इंजिनाची भिंत आधीच पातळ आहे, चढावर तापलं की पिस्टन जागीच आवळेल आणि तू गाडीच्या पुढे उडून पडशील. झडपा उघडणारा कॅम बदलू, हवेची वाट मोकळी करू, मागचं दातेरी चाक बदलू, एवढं पुरे. वर हेही ऐकवलं की निम्मी ढिलाई इंजिनात नाही, तुझ्या हातात आहे. चारचौघांत. मला ते लागलं.

कप्तान म्हणतो, दुप्पट ताकद देतो. तुझं मत कळव. शर्यतीत उतरावं का, हे मत मागितलेलं नाही.

छोटीला पापा, भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
भुंगा


९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
ताईचे अ. आ.

न मागितलेलं मत आधी. उतरू नकोस. झालं. आता मागितलेलं.

मला गाडीतलं हॉर्नपलीकडे काही कळत नाही, पण वॉर्डात मोडलेली माणसं रोज बघते, आणि माणसं जोडणारे डॉक्टरही बघते. होईल, होईल म्हणणारा डॉक्टर मला आवडत नाही. हे मी करणार नाही, असं ज्याला म्हणता येतं त्याच्या हाताखाली मी डोळे मिटून उभी राहते. तुला त्या बाईने नाही म्हटलं, हेच तिच्याकडे जायला पुरेसं कारण आहे. पण तुझं नाक मधे आलं. ते लहानपणापासून तुझ्या आधी पोचतं.

तरी दोन्हीकडे एकेक काम कर. बिघडलेलं एखादं इंजिन दाखवा म्हणून सांग. कुणाचं कधी काही बिघडलंच नसेल तर तो खोटं बोलतोय. आणि गॅरेजात हाताखालच्या माणसांकडे बघ. ती मालक जवळ आला की खांदे आवळून घेतात का ते बघ. आपल्याला ते ओळखायला शिकवावं लागत नाही. अण्णांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आपण दोघं काय करायचो, आठव.

ज्याने बायकोचा जबडा मोडला त्याचं तू एका ओळीत सांगितलंस आणि दुसऱ्या ओळीत त्याच्या मशीनचं कौतुक केलंस. हे मला आवडलं नाही. मी रागावले आहे असं समज, पण आशीर्वाद परत घेतलेले नाहीत.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आण. तुझ्या पत्राची वाट बघते, फोनची नाही.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी इंजिन कप्तानकडे देऊन आलो होतो. आता मला जे सांगायचं आहे ते वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

त्याने सिलिंडर कापला तेव्हा मी समोर होतो. हात देखणा चालतो त्याचा, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे एक फिटर आहे, तोतरा बोलतो म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. चांगला दोन लेकरांचा बाप आहे. त्याने कुठलंसं पॅकिंग उलटं बसवलं. कप्तानने इंजिनाची जुनी साखळी उचलली आणि त्याच्या पाठीवर ओढली. सदरा फाटला, खाली मांस दिसलं. रेडिओ सॉरी म्हणायला गेला आणि शब्द अडकला, तो पुरा होईपर्यंत कप्तान मारत राहिला. पोरं हसली. ताई, मीही हसलो. हसू आलं नव्हतं, तरी हसलो.

तू सांगितलेले खांदे तेव्हा बघितले. सगळ्यांचे कानाला टेकलेले होते. माझेही.

काल त्याहून वाईट झालं. एक गिऱ्हाईक कप्तानकडून गाडी काढून समोर उस्तादकडे गेलं. कप्तान हात पुसत रस्ता ओलांडून गेला. तिला केसांना धरून बाहेर ओढलं आणि तिचं तोंड तिच्याच शटरवर आपटलं. परत आपटलं. पत्र्याला रक्ताचा ओघळ लागला. इकडे पोरांपैकी एकाने रुळांवरच्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून ठेवला, त्या आवाजात तिकडचं काही ऐकू येईना. त्यांना ती सवयच आहे. मी हातात हेल्मेट घेऊन दारात उभा होतो. दारातच राहिलो.

तो परत आला, हात धुतले आणि मला विचारलं की पिस्टन कुठल्या कंपनीचा टाकू.

उस्ताद याआधी पोलिसांत जाऊन आली आहे. साहेबांची गाडी कप्तानकडेच असते. मला काय करावं सुचत नाही. इंजिन खोललेलं आहे, सगळे भाग त्याच्या टेबलावर आहेत.

रागव, पण लोभ असू दे.

भुंगा


२६ फेब्रुवारी

चि. भुंग्यास, अ. आ.

इंजिन उचल. पेटीत भर आणि घेऊन ये. तो एखादा भाग ठेवून घेईल तर ठेवू दे. त्याच्या तोंडाला लागू नकोस, उपदेश करू नकोस. एकटा जाऊ नकोस, कंपनीतले दोघं-तिघं बरोबर ने. उस्तादला सांग की चेहऱ्याचा एक्स-रे काढून ठेव, तारखेसह. माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, मी बोलते.

अण्णा गेले त्या दिवशी तू म्हणाला होतास की आता आपल्या घरात कुणी हात उचलणार नाही. मला तेव्हा हसू आलं होतं, कारण उचलणारा गेलाच होता. पण तू ते फार मनापासून म्हणालास. म्हणून तुझी काळजी वाटते. तू दारात उभा राहिलास याची लाज बाळग, पण ती धुवायला दुसरं काही करू नकोस. एवढं ऐक.

पत्र नाही आलं तर मी येईन. आशीर्वाद आहेतच.

ताई


८ मार्च

चि. सौ. ताईस,
आईचे अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. भुंग्याला सांगू नको मी लिहिलं म्हणून.

तो चार-पाच दिवस कामावर गेला नाही. दुपारी घरी आला तो भिंतीला धरून. मला म्हणाला गाडीवरून पडलो. गाडीला इंजिनच नाही तर पडला कुठून? मला कमी ऐकू येतं, कमी कळत नाही. कुशीवर झोपता येत नाही त्याला, श्वास घेताना डोळे मिटतो. सदरा मला धुवू दिला नाही, स्वतः घासत बसला, मग जाळला. जेवायला वाढलं की हाताकडे बघत बसतो. मी पाठीवर हात ठेवला तर असा दचकला, आणि मग माझ्याकडे बघून रडला. अगं, लहानपणी एवढा मार खायचा तेव्हाही रडत नव्हता.

तुझे वडील मारून आले की असेच गप्प बसत. मी पुढचं बोलत नाही.

जमलं तर येऊन जा. छोटीला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आई


१० मार्च

चि. भुंग्यास, अ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहिते. सुट्टी मागितली, मिळाली नाही. वॉर्ड भरला आहे. तुमच्या गावाहून परवा आमच्या मोठ्या हॉस्पिटलात एक माणूस आणला. गॅरेजवाला आहे. गाडी उचलायची लिफ्ट अंगावर कोसळली असं सांगतो. लिफ्ट कोसळली तर माणूस एका जागी चिरडतो. याला जागोजागी मार आहे, आणि दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला जास्त. चेहरा झाकायला हात वर घेतले की तिथे लागतं. उजव्या मनगटाचा भुगा झालाय, एका डोळ्याची आशा नाही.

भेटायला आलेली पोरं त्याला कप्तान म्हणत होती.

तू कुठे होतास, हे मला तुझ्या हाताने लिहून पाठव. मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

ताई


१४ मार्च

ती. ताईस, सा. न.

मी तिथेच होतो.

इंजिन आणायला तिघं गेलो. कप्तानने भांडण केलं नाही. उलट पेटी बांधून दिली, दोरी स्वतः आवळली. मी पेटी घेऊन सरळ रस्ता ओलांडला. उस्तादचं तोंड अजून सुजलेलं होतं. ती म्हणाली की मूर्खा, लांबच्या गल्लीने यायचं होतंस, हे त्याच्या डोळ्यांसमोर कशाला केलंस. खरं सांगतो, त्याने बघावं म्हणूनच केलं. दारात उभा राहिलो होतो ना, त्याची भरपाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे बसलो होतो. ती माझा कापलेला सिलिंडर बघत होती. म्हणाली, याची भिंत कागदासारखी केलीय, हा फेकून दे. तेवढ्यात कप्तान आत आला, बरोबर रेडिओ आणि आणखी एक जण. त्याने शटर आतून खाली ओढलं. मला काही कळायच्या आत जॅकचा दांडा बरगड्यांवर बसला. मी खाली पडलो. श्वासच येईना. त्याने मला तिथेच सोडलं, मी त्याच्या हिशेबात नव्हतोच. त्याने तिचा हात धरला. टेबलाला लोखंड आवळून धरायचा वाइस असतो, त्यात तिची बोटं घातली आणि दांडी फिरवायला लागला. फिरवता फिरवता शांतपणे विचारत होता की आता कुठल्या हाताने माझी गिऱ्हाइकं घेशील. ताई, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती ओरडली नाही, खालचा ओठ चावून तोडला तिने.

भिंतीला लांब दांड्याचा पाना होता. पहिला घाव त्याच्या हातावर घातला. दांडी सुटली. तो माझ्याकडे वळला, तेव्हा दुसरा खांद्यावर. बरोबरचे दोघं शटर उचलून पळाले. तो खाली बसला.

इथे मी थांबायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. त्याने दोन्ही हात वर केले होते, बस, बस म्हणत होता. मी मारत राहिलो. रडत होतो, शिव्या देत होतो, आणि शेवटी शेवटी त्याला अण्णा म्हणत होतो असं उस्ताद सांगते. मला आठवत नाही. तिने मोडक्या हाताने माझी कॉलर ओढली तेव्हा थांबलो. बरं वाटत होतं, ताई. हेच मला कुणाला सांगता येत नाही. मारताना मला बरं वाटत होतं.

तिने मला मागच्या दाराने घालवलं आणि पोलिसांना सांगितलं की मीच मारलं, मी एकटीच होते. तिचं म्हणणं, इतकी वर्षं मार खाल्लेल्या बाईला कोर्ट समजून घेईल, तुला नाही. कप्तान लिफ्ट लिफ्ट करतो, कारण पार्सलवाल्याकडून मार खाल्ला हे तो मेला तरी कबूल करणार नाही. दोघांच्याही जबानीत मी नाही. ती कोठडीत आहे, हाताला नुसती पट्टी बांधून.

तू सांगशील ते करीन. आता लोभ मागायला तोंड नाही.

भुंगा


२० मार्च

चि. भुंग्यास,
अ. आ. आणि हे शब्द मी सवयीने लिहिलेले नाहीत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर मनात तयार केलं होतं. थोरल्या बहिणीने लिहावं तसं, चांगलं शहाणपणाचं. ते लिहायच्या आधी ड्यूटीवर गेले, आणि आता ते पाठवायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही.

कप्तानला मी भरवते, पुसते, त्याचं भांडं देते. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. परवा सकाळी मनगटाची पट्टी बदलत होते. तो बोलायला लागला. मला हसून सांगत होता की सिस्टर, माझी बायको सुटून येईल तेव्हा तिचा दुसरा हात बाकी आहे, तो सावकाश करीन. वाइसची दांडी कशी फिरते ते त्याने डाव्या हाताने करून दाखवलं. मी ऐकत होते. माझा अंगठा त्याच्या मोडलेल्या हाडावर होता. मी तो दाबला.

तो किंचाळला. मी अंगठा काढला नाही. आणखी दाबला. त्याच्या कपाळावर घाम फुटला, डोळा पांढरा झाला, आणि मी त्याच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, "ज्याने तुला मारलं त्याची मी बहीण आहे." पलीकडची सिस्टर धावत आली तेव्हा मी म्हटलं की पट्टी चिकटली होती. तिला पटलं. इतकी वर्षं माझ्या हाताला सगळे हलका हात म्हणतात, कुणालाही पटलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन मी छोटीची वेणी घालायला बसले. ती म्हणाली, आई, दुखतंय. मी कंगवा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं, पट्टीचं खोटंसुद्धा. मला कामावरून थांबवलं आहे, चौकशी बसेल. तुझे भावोजी म्हणाले की कुणी बघितलं नव्हतं, बोललीस कशाला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला त्या वॉर्डात परत पाऊल टाकायचं होतं, आणि न सांगता ते टाकवेना.

बरं वाटत होतं असं तू लिहिलंस. मलाही वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, आपल्या दोघांत राहू दे.

तू पोलिसांकडे जा असं मी सांगणार नाही. मी मेट्रनकडे गेले, एवढंच सांगते. जाशील तर आधी बरगड्यांचा एक्स-रे काढ, वकीलबाईंचा नंबर मागे लिहिला आहे. आईजवळ मी येऊन राहते.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही. करून बघितला, होत नाही.

ताई


३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यावर घर एकदम गप्प झालं आहे. आई दोन माणसांसाठी चौघांना पुरेल एवढं रांधते आणि मला ओरडते.

जामिनाचं तुला माहीतच आहे. मी गेलो तेव्हा ठाणेदारांना आधी खरं वाटेना, बाईला वाचवायला कुणी प्रेमवीर आला असं त्यांना वाटलं. मग बरगड्या दाखवल्या. उस्ताद तेव्हा माझ्यावर इतकी भडकली की हवालदारांना मधे पडावं लागलं. तिचं म्हणणं, सगळं जमत आणलं होतं, ते मी नासवलं. त्यानंतर रेडिओ आपण होऊन आला. जबानी द्यायला त्याला अर्धा दिवस लागला, शब्द अडायचा आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. पण वाइसचं सगळं त्याने सांगितलं. त्यामुळे कप्तानवर खटला उभा राहतो आहे. हॉस्पिटलातून तो थेट कोठडीत जाईल.

माझ्यावरही आहे. वकीलबाई म्हणतात, पहिले दोन घाव बचावाचे, ते कोर्ट धरेल. पुढचे का घातले म्हणून विचारतील तेव्हा काय सांगणार, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं की जे झालं ते सांगेन. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

शर्यत होऊन गेली. कोण जिंकलं ते विचारलं नाही. उस्ताद सुटून आली, तिचा गाळा पुन्हा उघडला आहे. तिची दोन बोटं सरळ होणार नाहीत, म्हणून बारीक काम रेडिओ करतो, ती शेजारी उभी राहून त्याचा शब्द पुरा व्हायची वाट बघते. माझ्या इंजिनाला तिने नवा सिलिंडर घातला आणि आधी सांगितलं होतं तेवढंच केलं, त्यापुढे एक आटा नाही. काल मी गाडी आणायला गेलो.

ताई, एक गोष्ट तुलाच सांगतो. मी आत गेलो तशी ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली. नीट बोलली, चेष्टाही केली. चहा मागवला, माझा कप टेबलावर ठेवला आणि हात लगेच मागे घेतला. बोलताना मी भिंतीवरचं फडकं घ्यायला हात वर केला. त्या बाईने खांदे आवळले. कानाला टेकले तिचे खांदे. तिच्याही ते लक्षात आलं, माझ्याही आलं. ती म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. पण मी बघितलंय तुला." मग किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

मी गाडी ढकलत घरी आणली. सुरू करावीशी वाटली नाही.

तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मी दार उघडायला येईन. हात मागे ठेवीन, पण तू भिऊ नकोस. पूर्वीसारखं डोक्यात टपली मार आणि आत ये. एवढा लोभ राहू दे.

तुझा,
भुंगा